वकील नेमका कोणाचा?

श्रीमंत घरातलं भांडण चव्हाट्यावर आलं की आपण मुलगा, सून, दागिने आणि बंगले यांच्या गोष्टी चवीनं वाचतो. कागद कोणी लिहिला, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझी वकिलीतली बरीच वर्षं मृत्युपत्रं लिहिण्यात गेली. त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते. न्यूयॉर्कच्या ब्रुक ॲस्टर यांच्या खटल्याबद्दल मी आज बोलणार आहे, तोही याच कारणानं. त्यात मुलाबरोबर एक वकीलही तुरुंगात गेला.

ॲस्टर हे अमेरिकेतलं जुनं, गर्भश्रीमंत घराणं. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाली, तेव्हा तिच्यावर जे धनाढ्य प्रवासी होते त्यांपैकी एक जॉन जेकब ॲस्टर. त्यांचा मुलगा व्हिन्सेंट हा ब्रुकबाईंचा तिसरा नवरा. तो 1959 मध्ये वारला आणि बाईंच्या हाती प्रचंड पैसा आला. बाईंनी तो नुसता सांभाळला नाही. ग्रंथालयं, संग्रहालयं, गरीब वस्त्यांमधली कामं यांसाठी त्यांच्या प्रतिष्ठाननं जवळजवळ 20 कोटी डॉलर वाटले. देणगी मागणाऱ्या संस्थेत त्या स्वतः जात, आणि जाताना अगदी नटूनथटून जात. समोरच्या माणसाचा तो मान आहे, असं त्यांना वाटे. मला स्वतःला हे फार आवडतं.

पहिल्या लग्नापासून झालेला अँथनी मार्शल हा त्यांचा एकुलता एक मुलगा. दुसऱ्या महायुद्धात लढलेला, पुढे राजदूत झालेला. आईचा आर्थिक कारभार तो पगार घेऊन पाहत असे. 2000 च्या सुमारास बाईंना अल्झायमर असल्याचं निदान झालं, तेव्हा त्यांचं वय होतं 98.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत जे घडलं, तिथे वकील येतात. अनेकवचन मुद्दाम वापरतो आहे. एका नामवंत कायदा-संस्थेतले हेन्री क्रिस्टेन्सन हे बाईंचे जुने वकील. जानेवारी 2002 चं मृत्युपत्र त्यांनी केलं. डिसेंबर 2003 मध्ये त्यांनीच त्याला एक कोडिसिल जोडलं. कोडिसिल म्हणजे मृत्युपत्राची पुरवणी. पूर्ण मृत्युपत्र नव्यानं न लिहिता एखादं कलम बदलायचं, तर ती करतात. दिसायला ती दोन-चार पानांची असते, पण मृत्युपत्राइतकीच वजनदार. सही आणि साक्षीदारांचे नियमही तेच.

महिनाभरही लोटला नसेल, 12 जानेवारी 2004 ला दुसरी पुरवणी झाली. या वेळी पुढाकार होता फ्रान्सिस मॉरिसी या वकिलाचा. हा मुलाचा स्नेही. 1990 च्या दशकात त्याची सनद दोन वर्षं स्थगित झालेली होती. संस्थांकडे जायचे कोट्यवधी डॉलर या पुरवणीनं मुलाच्या हाती जात होते. मार्चमध्ये तिसरी पुरवणी आली. स्थावर मालमत्ता विकून तिचे पैसे उरलेल्या मालमत्तेत जमा करावेत, असं तीत होतं. बाईंना 102 वं वर्ष पुरं व्हायला तेव्हा महिनाही उरला नव्हता.

हे सगळं बाहेर आलं ते नातवामुळे. जुलै 2006 मध्ये फिलिप मार्शल यानं आजीसाठी पालक नेमावा म्हणून न्यायालयात अर्ज केला, म्हणजे स्वतःच्या वडिलांविरुद्धच. डेव्हिड रॉकफेलर आणि हेन्री किसिंजर यांच्यासारखी मंडळी त्याच्या पाठीशी होती. आजीची नीट देखभाल होत नाही, असा त्याचा आरोप होता. छळाचा तो आरोप सिद्ध झाला नाही, हेही सांगायला हवं. पण त्या निमित्तानं कागद तपासले गेले. बाईंच्या आवडीचं चाइल्ड हॅसम या चित्रकाराचं एक चित्र 2002 मध्ये 1 कोटी डॉलरना विकलं गेलं होतं. त्यातले 20 लाख मुलानं दलाली म्हणून घेतले होते. आईचं चित्र विकण्याची दलाली!

बाई ऑगस्ट 2007 मध्ये, 105 व्या वर्षी गेल्या. त्याच वर्षी मुलावर आणि मॉरिसीवर आरोप ठेवले गेले. 2009 चा खटला कित्येक महिने चालला. त्यातला सर्वांत कठीण प्रश्न बाईंच्या समजेचा होता. डिसेंबरमध्ये त्यांना समजत होतं असं जुने वकील म्हणतात, मग जानेवारीत एकाएकी समजेनासं कसं झालं? हा मुद्दा सहज झटकता येण्यासारखा नाही.

त्याचं उत्तर असं, की समज म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. अल्झायमरचा रोगी सकाळी नाव घेऊन हाक मारतो आणि दुपारी मुलाला ओळखत नाही. कायदा रोगाचं नाव पाहत नाही. आपल्याकडे साधारण काय आहे, आपली माणसं कोण आणि या कागदानं कोणाला काय मिळणार, एवढं सहीच्या क्षणी उमगत होतं का, ते पाहतो. शिवाय कागद जितका गुंतागुंतीचा, तितकी समज जास्त लागते. ‘माझी अंगठी नातीला द्या’ हे कळणं वेगळं आणि न्यासातली रक्कम कोणत्या टक्क्यानं कुठे वळते ते कळणं वेगळं.

तिसऱ्या पुरवणीत मात्र समजेच्या पुढचीच गोष्ट होती. त्या काळात बाईंचा हात कापत असे आणि अक्षर मोडत असे. या कागदावरची सही त्या हाताची नाहीच, असं हस्ताक्षरतज्ज्ञानं साक्षीत सांगितलं. ज्यूरीनं 12 दिवस खल करून ऑक्टोबर 2009 मध्ये निकाल दिला. मुलगा 16 पैकी 14 आरोपांत दोषी ठरला. मॉरिसी बनावट सही, फसवणूक आणि कट यांत दोषी ठरला. दोघांनाही एक ते तीन वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडे हे कसं पाहिलं असतं? 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वेंकटचल अय्यंगार खटल्यात याबद्दल फार नेमकं सांगून ठेवलं आहे. मृत्युपत्रामुळे ज्याचा मोठा फायदा होतो, तोच ते करण्यात पुढे असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती समजायची आणि संशय फेडण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकायची. नुसते दोन साक्षीदार उभे करून भागत नाही.

माझ्याकडे असे बरेच मुलगे यायचे. ‘आईचं मृत्युपत्र करायचंय, हा मसुदा.’ आई शेजारी पदर सावरून बसलेली. मी मुलाला चहा प्यायला बाहेर पाठवायचो आणि दार लावून आईला विचारायचो, ‘काकू, घर कोणाला द्यायचंय?’ कधी उत्तर मसुद्याशी जुळायचं, कधी त्या नुसत्याच दाराकडे पाहायच्या. मग मी मसुदा परत करायचो. फी मुलगा देणार असला, तरी माझी अशील त्या बाई होत्या. मॉरिसीच्या बाबतीत नेमकी हीच रेघ पुसली गेली होती. कागद आईचा, पण वकील मुलाचा.

अपील मार्च 2013 मध्ये फेटाळलं गेलं आणि जूनमध्ये दोघे तुरुंगात गेले. मुलगा तेव्हा 89 वर्षांचा होता. प्रकृतीमुळे त्याला दोन महिन्यांतच सोडलं, आणि 2014 च्या नोव्हेंबरमध्ये तो वारला. मॉरिसीची सनद कायमची गेली. मालमत्तेचा तंटा त्याआधीच, 2012 मध्ये तडजोडीनं मिटला होता. मुलाचा वाटा निम्म्याहून कमी होऊन 1 कोटी 45 लाख डॉलरवर आला, आणि सुमारे 10 कोटी डॉलर संस्थांकडे जायला मोकळे झाले.