लहान संगणकाचा पडदा जागा ठेवण्याविषयी

बोलींच्या क्षेत्रकार्यास निघताना वही, पेन्सिल आणि ध्वनिमुद्रक एवढी सामग्री पुरेशी मानण्याचा काळ आता मागे पडला आहे. निवेदकासमोर एखादे चित्र ठेवावे, त्यावरून त्यास मोकळेपणाने बोलू द्यावे आणि ते बोलणे टिपून घ्यावे, ही पद्धत आपल्या विभागात गेली काही वर्षे रूढ आहे. चित्र कागदावर छापण्यापेक्षा पडद्यावर दाखविणे सोयीचे पडते, म्हणून रास्पबेरी पाय या नावाचा, पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक आमच्या पिशवीत आला. २०१२ साली इंग्लंडातील केंब्रिज येथील एका प्रतिष्ठानाने प्रामुख्याने विद्यार्थ्यांसाठी म्हणून तो प्रथम विक्रीस आणला. तो स्वस्त आहे, त्यास वीज थोडी लागते आणि बॅटरीवर तो चालतो. खेड्यातल्या पडवीत बसून काम करणाऱ्यास आणखी काय हवे? परंतु या यंत्राचा एक स्वभाव आम्हांस फार उशिरा कळला, आणि त्यापायी आमच्या हातून एक चुकीचे अनुमान छापले जाता जाता राहिले. तो स्वभाव असा की, दहा मिनिटे कोणी कळ दाबली नाही अथवा माउस हलविला नाही, तर यंत्र आपला पडदा मिटून घेते.

वेंगुर्ले तालुक्यातील एका गावी एका वृद्ध निवेदिकेपुढे आम्ही आठवड्याच्या बाजाराचे चित्र ठेवले होते. आजी प्रथम बाजाराविषयी, मग त्या बाजारात भेटणाऱ्या माणसांविषयी आणि मग त्या माणसांच्या घरच्या लग्नकार्यांविषयी बोलू लागल्या. बोलीच्या अभ्यासकास असे बोलणे म्हणजे पर्वणीच. कथन ऐन रंगात आले असता पडदा काळा झाला. वेळ दिवेलागणीची होती. वीज गेली असे समजून आजी उठल्या आणि आतून दिवा घेऊन आल्या. वीज गेलेली नाही हे आम्ही सांगेपर्यंत कथेचा धागा तुटला होता. तो पुन्हा जुळला नाही. बरोबरच्या विद्यार्थ्याने तारेस दोष दिला, मी बॅटरीस दिला. आणि एक कळ दाबताच चित्र परत आल्यामुळे आमची चौकशी तेथेच संपली.

काही महिन्यांनी लिप्यंकनाचे काम सुरू झाले, तेव्हा असे आढळून आले की, वयस्क निवेदकांच्या बऱ्याच कथनांत मध्येच एक मोठा खंड पडतो आणि त्यानंतर कथन चटकन आटोपते. तरुण निवेदकांच्या कथनांत हा खंड नव्हता. लिप्यंकन करणाऱ्या विद्यार्थिनीने त्यास ‘समारोपाचा विराम’ असे नाव दिले होते आणि मी त्या नावास संमती दिली होती. वय आणि कथनाची घडण यांचा संबंध दाखविणारे एक टिपणही तयार झाले. सुदैवाने दुसऱ्या एका विद्यार्थ्यास शंका आली. चित्र पडद्यावर आणण्यासाठी दाबलेल्या शेवटच्या कळीचा ‘टक्’ असा आवाज प्रत्येक ध्वनिमुद्रणात ऐकू येतो. त्या आवाजापासून खंडापर्यंतचे अंतर त्याने मोजले. ते दरवेळी दहा मिनिटे भरले. माणसाचा विराम इतका नेमका कधीच नसतो. तरुण निवेदक सहासात मिनिटांत बोलणे संपवीत, म्हणून त्यांच्या वाट्यास हा खंड आला नव्हता, इतकेच. आम्ही जो विराम वृद्धांचा समजत होतो तो यंत्राचा होता.

या अनुभवानंतर हे मिटणे नेमके कोण घडवून आणतो, याचा शोध घेणे प्राप्तच झाले. ज्यांना आपल्या अभ्यासात पडद्यासमोर माणूस बसवावयाचा आहे, त्या सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून त्या शोधाचे फलित येथे मांडीत आहे.

पडदा मिटण्याची प्रथा मुळात काचेच्या नळीच्या पडद्यांसाठी पडली. त्या काचेस आतून फॉस्फरचा लेप असे आणि इलेक्ट्रॉनांच्या झोताने तो उजळे. एकच चित्र दीर्घ काळ राहिले की लेपाची झीज असमान होऊन त्या चित्राचा ठसा काचेवर कायमचा उमटे. १९७९ सालचे अटारी कंपनीचे घरगुती संगणक काही मिनिटे कळ दाबली गेली नाही की पडद्यावरचे रंग आपोआप पालटीत राहत. १९८३ च्या डिसेंबरात जॉन सोचा यांनी आयबीएमच्या संगणकासाठी लिहिलेली एक छोटी आज्ञावली ‘सॉफ्टटॉक’ या मासिकात प्रसिद्ध झाली. तीन मिनिटे कोणी काही न केल्यास ती पडदा काळा करी. पुढे झिजेच्या भीतीस वीजबचतीची जोड मिळाली. अमेरिकेत १९९२ साली ‘एनर्जी स्टार’ ही योजना सुरू झाली आणि १९९३ साली डीपीएमएस या नावाचे मानक ठरले. संगणक मॉनिटरला आडव्या आणि उभ्या मेळाचे दोन स्पंद सतत पाठवीत असतो. त्यांपैकी एक, दुसरा किंवा दोन्ही थांबविले की मॉनिटरने कोणत्या प्रतीची विश्रांती घ्यावी, हे त्या मानकाने निश्चित केले. नळीचे पडदे आता जवळजवळ नाहीसे झाले आहेत. त्यांच्यासाठी घातलेली दहा मिनिटांची सवय मात्र टिकून आहे.

येथे भाषाभ्यासकाने लक्ष द्यावे असा मुद्दा हा की, यंत्र काय मोजते? ते केवळ आपल्याकडे येणारे निवेश मोजते. कळ दाबली गेली की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. पडद्यावर चित्रे बदलत असली, आपण लिहिलेली आज्ञावली मिनिटामिनिटाला नवे वाक्य दाखवीत असली, तरी त्या मोजणीवर काही परिणाम होत नाही. स्वतःचे बोलणे यंत्र जमेस धरीत नाही. समोरच्याचे मौन तेवढे ते जमेस धरते, आणि मौनाचा अर्थ अनुपस्थिती असाच लावते. पाहणारा, वाचणारा, ऐकणारा आणि उठून गेलेला यांत त्यास भेद करता येत नाही. आमच्या आजी तर अखंड बोलत होत्या. परंतु त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रकाकडे जात होते आणि संगणकाच्या लेखी त्या तेथे नव्हत्याच.

दुसरी अडचण शब्दाची आहे. ‘पडदा झोपला’ असे आपण सरसकट म्हणतो. पण त्या एका शब्दाखाली निरनिराळ्या घटना लपतात आणि त्यामुळे उपाय चुकतो. आम्ही विभागापुरते तीन शब्द ठरविले आहेत. चित्र नाहीसे झाले पण मॉनिटरचा प्रकाश चालू आहे, अंधारात त्याची करडी झळाळी दिसते, तेव्हा पडदा ‘काळा झाला’. संकेतच थांबला आणि मॉनिटरचा बारीक दिवा रंग बदलून बसला, तेव्हा पडदा ‘मालवला’. आणि जागे केल्यावर सांकेतिक शब्द विचारला गेला, तर त्यास ‘कुलूप लागले’. दिवा विझला असे न म्हणता मालवला म्हणण्याची आपली जुनी रीत येथे उपयोगी पडली. हेही सांगितले पाहिजे की, लॅपटॉप जसा सर्वांगाने निद्रिस्त होतो तसा हा लहान संगणक होत नाही. पडदा मालवला तरी आत आज्ञावली चालूच असते. म्हणूनच आमच्या नोंदींत कोठेही खंड दिसला नाही आणि दोष इतके दिवस लपून राहिला.

आता मिटविणारे कोण, ते पाहू. या संगणकावर लिनक्स चालते, आणि तीत एकाहून अधिक पहारेकरी एकमेकांस न विचारता आपापली मिनिटे मोजीत असतात. सर्वांत खालचा पहारेकरी कर्नलमध्ये आहे. केवळ अक्षरे दिसणारा जो साधा कन्सोल, त्यावर त्याचा अंमल चालतो. पूर्वी त्याची मुदत दहा मिनिटांची असे. २०१७ मध्ये ती मूळातच शून्य, म्हणजे ‘कधीही नाही’, अशी करण्यात आली. जुनी प्रणाली असेल तर संगणक सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या एका ओळीच्या फाइलीत ‘कन्सोलब्लँक’ची किंमत शून्य लिहावी. ती फाइल एकाच ओळीची राहिली पाहिजे. नवी ओळ सुरू केल्यास तिच्यावरचा मजकूर वाचलाच जात नाही. याच कामाची ‘सेटटर्म’ नावाची आज्ञाही आहे. कर्नलचा आकडा सेकंदांत असतो आणि सेटटर्मचा मिनिटांत, या भेदाने पुष्कळांस फसविले आहे. सेटटर्मविषयी आणखी एक गंमत आहे. ती कोणतीही मांडणी बदलीत नाही. ज्या टर्मिनलकडे तिचा निकास जातो त्याला उद्देशून एक अदृश्य अक्षरमाला ती उच्चारते. दूरच्या संगणकावरून जोडणी करून ती दिली, तर ते वाक्य आपल्याच टर्मिनलकडे येते आणि पडवीतल्या मॉनिटरपर्यंत पोहोचत नाही. ज्यास सांगावयाचे तो ऐकत नसेल तर आज्ञार्थी क्रियापद व्यर्थ, हे आपण वर्गात शिकवितोच.

चित्रमय पडद्यावर दुसरे पहारेकरी येतात. प्रणाली जुन्या ‘एक्स’ या पद्धतीची असेल तर तेथे दोन स्वतंत्र मोजण्या चालतात : एक पडदा काळा करणारी आणि दुसरी डीपीएमएसच्या द्वारे तो मालविणारी. सर्वसामान्य चूक होते ती येथे. एक मोजणी बंद केली की काम झाले असे वाटते, आणि दहा मिनिटांनी दुसरी आपले काम करून जाते. ‘एक्ससेट’ या आज्ञेने दोन्ही बंद कराव्या लागतात. ‘एस ऑफ’ म्हणून पहिली आणि ‘उणे डीपीएमएस’ म्हणून दुसरी. ‘क्यू’ हे अक्षर दिल्यास दोहोंची सद्यःस्थिती वाचावयास मिळते. या आज्ञांचा प्रभाव त्या बैठकीपुरताच टिकतो, यास्तव त्या यंत्र सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांत घालाव्यात.

२०२३ च्या ऑक्टोबरात रास्पबेरी पायच्या चौथ्या आणि पाचव्या आवृत्तींसाठी, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वच आवृत्तींसाठी, ‘वेलँड’ ही नवी पद्धत मूळ पद्धत म्हणून आली. तेथे एक्ससेटचा उपयोग नाही. जुन्या पुस्तकांतले आणि जुन्या टिपणांतले उपाय उतरवून घेणाऱ्यांचा भ्रमनिरास होतो तो याच कारणाने. तथापि दोन्ही पद्धतींस समान असा एक मार्ग आहे : ‘रास्पी-कॉन्फिग’ या मांडणीच्या आज्ञेतील ‘डिस्प्ले’ या विभागात ‘स्क्रीन ब्लँकिंग’चा पर्याय असतो, तो नाकारावा. नवख्याने येथूनच आरंभ करावा आणि एवढ्याने भागले नाही तरच वरील तपशिलात शिरावे.

चौथा पहारेकरी संगणकाबाहेर आहे. मॉनिटर म्हणून दूरचित्रवाणी संच जोडला असेल, तर त्यांपैकी बरेच संच काही तास दूरनियंत्रकाची कळ दाबली गेली नाही की स्वतःच बंद होतात. तेथे संगणकावरील कोणताही उपाय चालत नाही; संचाच्याच मांडणीत जावे लागते.

काही जण माउस आपोआप हलविणारी एखादी युक्ती सुचवितात. वाचनप्रयोगात ती मला सर्वस्वी त्याज्य वाटते. वाचकाने कोणती कळ केव्हा दाबली हीच जेथे आपली सामग्री, तेथे खोटे निवेश मिसळणे म्हणजे निवेदकाच्या तोंडी आपले शब्द घालणे होय. याहून सरळ मार्ग असा की, चित्र दाखविणाऱ्या आज्ञावलीनेच ‘माझे काम चालू आहे, तोवर मिटू नये’ अशी विनंती प्रणालीस करावी. चलच्चित्रे दाखविणाऱ्या आज्ञावल्या हेच करतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रयोगांसाठीही २०२० पासून अशी सोय होऊ लागली आणि २०२४ पर्यंत ती सर्व प्रमुख ब्राउझरांत आली. मात्र तेथील विनंती ते पान दृष्टीसमोर असेतोवरच पाळली जाते. दुसरे पान उघडून परत आल्यास ती पुन्हा करावी लागते. या मार्गाचा मोठा गुण हा की, आज्ञावली संपताच विनंतीही संपते आणि पडदा मिटण्यास मोकळा होतो. हे आवश्यकच आहे. ओएलईडी प्रकारच्या पडद्यांवर स्थिर चित्राचा ठसा आजही उमटतो, आणि क्षेत्रकार्यात मॉनिटर हाच बॅटरीचा मोठा वाटेकरी असतो. कायमचा जागा ठेवलेला पडदा दुपारपर्यंत सारी बॅटरी संपवून बसतो, याचाही अनुभव आम्ही घेतला आहे.

मांडणी बदलून झाली की तिच्यावर विसंबून निघू नये. निघण्यापूर्वी यंत्र लावून, त्यास हात न लावता, घड्याळात अकरा मिनिटे मोजावीत. आमच्या विद्यार्थ्यांस आरंभी हा वेळेचा अपव्यय वाटे. आता त्या अकरा मिनिटांत चहा होतो.

जुनी ध्वनिमुद्रणे आम्ही टाकून दिलेली नाहीत. शब्दसंग्रहासाठी आणि रूपविचारासाठी ती पूर्ववत उपयोगी आहेत. विराममापनातून मात्र कळीच्या आवाजानंतर दहा मिनिटांपुढचा सारा भाग वगळला असून, लिप्यंकनात त्या ठिकाणी ‘समारोपाचा विराम’ खोडून चौकटीत ‘प’ हे अक्षर घातले आहे. वय आणि विराम यांवरील टिपण मागे घेतले आहे. वयस्क निवेदकांची कथने नव्याने टिपण्याचे काम येत्या सुट्टीत हाती घ्यावयाचे आहे. त्यासाठी बाजाराचे चित्र तेच ठेविले आहे.