नमुना पुण्याला धाडायचा की जयपुरातच तपासायचा?

2018 मध्ये जयपूरच्या शास्त्रीनगरात झिका पसरला, तेव्हा नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले. ते योग्यच होतं; क्वचित येणाऱ्या विषाणूसाठी मुरलेले हात हवेत. कोविडमध्ये गणित बदललं. आरटी-पीसीआर चाचणी जयपूरच्याच सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयात होई, पण विषाणूचा प्रकार ओळखण्यासाठी त्याचा जनुकीय क्रम वाचायला नमुने दिल्लीला जात. तिहेरी वेष्टन, बर्फ, प्रवास, तिथली रांग. अहवाल हाती येईतो संसर्ग पुढं सरकलेला. साथीत हा उशीर मला स्थानिक सोयीच्या खर्चापेक्षा जास्त महाग वाटतो. 2021 मध्ये जनुकीय क्रम वाचायची सोय जयपुरातच झाली आणि डिसेंबरात कोविडच्या ओमिक्रॉन प्रकाराचे रुग्ण तिथंच ओळखले गेले. अर्थात नुसतं यंत्र आणून भागत नाही. महागडी रसायनं मुदतीआत वापरावी लागतात, आणि यंत्राची एक फेरी भरण्याइतके नमुने जमले नाहीत तर प्रत्येक चाचणीचा खर्च भरमसाट वाढतो.