गालगुंड आणि मेंदूची आवरणं (भाग 4)

मागच्या आठवड्यात आपण जिवाणूंमुळे होणारा मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांची सूज, पाहिला. तिथे उशिराचा एकेक तास महाग पडतो. विषाणूंमुळे होणारा त्याहून जास्त आढळतो आणि बहुतेकांना आठ-दहा दिवसांत सोडून जातो. पण सुरुवात दोन्हींची सारखीच: ताप, ठणकणारं डोकं, उजेड नकोसा होणं, आखडलेली मान. म्हणून ‘व्हायरल असेल’ असं घरी बसून ठरवू नये. मणक्यातून पाणी काढून तपासलं की उलगडा होतो. विषाणू असेल तर त्यात बहुधा लिंफोसाइट पेशी वाढलेल्या दिसतात, साखर मात्र फारशी उतरलेली नसते.

आज सर्वाधिक रुग्ण एन्टेरोव्हायरसचे असतात. कॉक्सॅकी, एको ही त्यांतली नावं. पोलिओचा विषाणूही याच घराण्यातला. हे आतड्यात वाढतात आणि बाळाचा लंगोट बदलणाऱ्या हातावरून दुसऱ्याच्या तोंडात पोचतात. त्यांच्याभोवती चरबीचं वेष्टण नसल्यामुळे सॅनिटायझरला ते सहज दाद देत नाहीत. साबण आणि वाहतं पाणीच हवं. प्रकार शंभराच्या वर, त्यामुळे सगळ्यांना पुरून उरेल अशी लस नाही. चीनने 2015 मध्ये एन्टेरोव्हायरस 71 वर लस मंजूर केली, ती त्या एकाच प्रकारापुरती.

मला खरं बोलायचंय ते गालगुंडाबद्दल. गाल फुगले, चार दिवस शाळा बुडाली, एवढंच आपण त्याला समजतो. पण लस येण्यापूर्वी अमेरिकेत विषाणूजन्य मेनिंजायटिसच्या प्रमुख कारणांत गालगुंड होतं. गालगुंड झालेल्या शंभरातल्या दहा जणांपर्यंत मेनिंजायटिस होऊ शकतो, कधी गाल न सुजताही. क्वचित एखाद्या मुलाचा कान कायमचा जातो. लसशास्त्रज्ञ मॉरिस हिलमन यांनी 1963 मध्ये आपल्याच आजारी मुलीच्या घशातून विषाणू घेतला आणि 1967 मध्ये त्यापासूनची लस वापरात आली.

आपल्या सरकारी लसीकरणात 2017 पासून गोवर-रुबेलाची (एमआर) लस आली. महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 मध्ये त्यासाठी शाळाशाळांतून मोहीम झाली. त्या सुईत गालगुंडाची लस नव्हती, आजही नाही. गालगुंडाने मृत्यू क्वचितच होतात, त्यामुळे पैसा आधी गोवरावर खर्च व्हावा, हे मला पटतं. पण गालगुंडासह तिन्ही आजारांची लस (एमएमआर) आपल्याच पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूट बनवते. खासगी दवाखान्यात पैसे मोजणाऱ्याच्या मुलाला ती मिळते आणि अंगणवाडीत रांगेत उभ्या असलेल्या मुलाला मिळत नाही, हे मात्र मला अजिबात पटत नाही. 2024 च्या सुरुवातीला केरळात गालगुंडाची मोठी साथ आली, तेव्हाही हाच प्रश्न पुढे आला.

घरातलं लसीकरणाचं कार्ड आज एकदा काढून बघा. त्यावर ‘एमआर’ लिहिलंय की ‘एमएमआर’? फक्त एमआर असेल, तर बालरोगतज्ज्ञांना पुढच्या डोसाबद्दल विचारा.