बाबांची येझदी आणि आईची मागची सीट

मैत्रिणींनो, तुमच्या माहेरच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली एखादी जुनी मोटारसायकल आहे का? असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी जरा थांबा. आमच्याकडे काय झालं ते आधी ऐका.

माझ्या वडिलांनी १९८६ साली येझदी रोडकिंग घेतली. गेल्या वर्षी बाबा गेले. दिवाळीत आम्ही भावंडं साताऱ्याला जमलो, तेव्हा भाऊ म्हणाला, "उगाच जागा अडवून बसलीय. पुण्याचं एक गिऱ्हाईक बरी किंमत देतंय, देऊन टाकू." मीही लगेच मान डोलावली. आई मात्र काही बोलली नाही. उठली आणि आत जाऊन पोह्यांना फोडणी घालू लागली.

या गाडीचं मूळ घराणं परदेशातलं बरं का! जावा ही चेकोस्लोव्हाकियातली गाडी. १९६१ पासून ती म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार होऊ लागली. पुढे तिचंच नाव येझदी झालं, तेही मालक इराणी मंडळींच्या मूळ गावावरून, म्हणजे इराणमधल्या यझ्दवरून. रोडकिंग १९७८ मध्ये आली. इंजिन अडीचशे सीसीचं, सिलिंडर एक, पण धुराच्या नळ्या दोन! गिअर टाकायचा आणि किक मारायचा दांडाही एकच. नवख्या माणसाची हमखास फजिती व्हायची. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. २०२२ मध्ये येझदी या नावाच्या नव्या गाड्या बाजारात आल्या, पण त्यांचं इंजिन वेगळं. तो जुना 'डग-डग-डग' आवाज त्यांना नाही.

जुन्या गाडीला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावं लागे. आमच्याकडे ते माप आईच्या ताब्यात. खोकल्याच्या औषधाचं झाकण तिनं त्यासाठी राखून ठेवलं होतं. "तुमच्या हाताला अंदाज नाही," असं ती बाबांना ऐकवायची!

त्या रात्री भांडी आवरताना मी तिला विचारलं, "आई, गाडी विकलेली तुला नको आहे का?" ती म्हणाली, "अगं, घरात आम्ही अकरा माणसं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तुझ्या बाबांशी दोन शब्द मोकळेपणी बोलायला जागा कुठे होती? ती मागची सीट, तीच काय ती आमची खोली."

मी ओला हात तसाच धरून उभी राहिले.

तिचं माहेर चिपळूणचं. साताऱ्याहून कराड, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. दरवर्षी मे महिन्यात दोघं या गाडीवरून जायची. लग्नानंतर आईला डी.एड. करायचं होतं. सासूबाईंसमोर हे बोलायची प्राज्ञा नव्हती. एका खेपेला घाटात तिनं सगळं धैर्य एकवटलं आणि बाबांच्या कानाशी ओरडून सांगितलं. बाबांनी गाडी कडेला घेतली, मागे वळले आणि म्हणाले, "पुन्हा बोल. वाऱ्यानं काही ऐकूच आलं नाही!"

"मग?" मी विचारलं.

"मग काय, पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं गेलं. परतल्यावर त्यांनीच आईंपाशी विषय काढला." याच आईनं पुढे प्राथमिक शाळेत वर्षानुवर्षं नोकरी केली. तिच्या पगारावर माझं बी.ए. झालं.

मला माझीच लाज वाटली. आम्ही दोघं गारेगार मोटारीतून फिरतो. हे रस्त्याकडे बघतात, मी मोबाइलमध्ये. बोलायला जागा भरपूर आहे, पण बोलतो किती?

दुसऱ्या दिवशी भावाला सगळं सांगितलं. गाडी विकायचं रहित झालं. एका वयस्क मेकॅनिकनं इंजिन उघडलं, जुने सुटे भाग शोधून आणले आणि दोन महिन्यांनी ती सुरू झाली.

आता कामाची गोष्ट. गाडी नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल आणि ते गेले, तर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावं लागतं. वारसाच्या नावावर करून घेण्यासाठी तीन महिन्यांच्या आत ३१ नंबरचा अर्ज द्यायचा असतो. दुःखाच्या दिवसांत आम्हाला हे सुचलंच नाही, मग दंड भरावा लागला. त्यापेक्षा नोंदणी-पुस्तकात आधीच वारसाचं नाव घालून ठेवा, ती सोय आता आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. जुनी गाडी ठेवायची तर ही तारीख विसरू नका. आणि मागे बसताना पदर कमरेला घट्ट खोचा. आमच्या आईचा एकदा चाकात गेला होता, थोडक्यात निभावलं. हेल्मेट मागे बसणारीलाही हवंच.

संक्रांतीच्या दिवशी आई भावाच्या मागे बसली. पदर खोचलेला, डोक्यावर नवं हेल्मेट. भावानं किक मारली तशी ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "हळू चालव रे, मला बोलायचंय."

तुमच्या आईला एकदा विचारा. तिची अशी जागा कोणती होती?