सोंगाड्यांची जोडी आणि कॅमेरा

विनोदी नटांची जोडी म्हटली की आपल्यापुढे चटकन लॉरेल आणि हार्डी उभे राहतात. परंतु खानदेशातल्या वाचकाला इतके दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या तमाशात गण झाला की गौळण येते आणि गौळणीत पेंद्या व मावशी यांची जुंपते. पुढे बतावणीत आणि वगातही सोंगाड्याला जोडीदार लागतोच. सांगलीजवळच्या कवलापूरचे लहू व अंकुश खाडे हे जुळे बंधू तर ‘जहरी प्याला’ या वगातील हवालदारांच्या जोडीमुळे उभ्या महाराष्ट्रात ‘काळू-बाळू’ म्हणूनच ओळखले गेले. आपल्याकडे भिका-भीमा सांगवीकर, धोंडू-कोंडू सिंदखेडकर अशी फडांची नावेसुद्धा जोडीचीच!

या जोडीचे गणित साधे असते. एक सरळ विचारतो, दुसरा त्याचा वाकडा अर्थ लावतो. समजा, एकाने विचारले, “पाऊस किती पडला?” दुसरा अहिराणीत उत्तरतो, “मी काय मोजा नही भो, पन मन्हाच घरमा जास्ती पडना.” लोक हसतात. कारण गळके छप्पर त्यांनीही पाहिलेले असते. मात्र खरे कसब यानंतरचे आहे. हसण्याची लाट ओसरू लागताच, पूर्णपणे विरण्याआधी, पुढचे वाक्य आले पाहिजे. म्हणजे खेळ दोघांचा दिसला तरी तो चालतो तिघांच्या बळावर, आणि तिसरा असतो प्रेक्षक.

कॅमेऱ्याची अडचण नेमकी इथेच होते. लॉरेल-हार्डींच्या चित्रपटांत समोर प्रेक्षक नसत. म्हणून चित्रपट आधी थोड्या लोकांना दाखवून, ते कुठे व किती हसतात हे पाहून पुन्हा कापछाट केली जाई. रंगमंचावरच्या प्रयोगाचे चित्रण करताना हा खटाटोप नको, कारण प्रेक्षक समोरच बसलेला असतो. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगाचे चित्रण पाहा. ५२ भूमिका करणारा नट एकटाच, तरी त्याच्या बोलण्याची लय सभागृहातल्या हशाशी बांधलेली आहे. तो हशा पुसून टाकला तर नट मध्येच विनाकारण थांबल्यासारखा वाटेल.

मी एका फडाचा वग सारंगखेड्याच्या यात्रेत पाहिला आणि पुढे त्याच वगाचे चित्रण मोबाइलवर पाहिले. यात्रेत सोंगाड्यांनी घोडेबाजाराचे भाव, धुळ्याची वाट, पुढे बसलेल्या पाहुण्याची पगडी असे सारे संवादात ओढले होते. चित्रणात यातले काहीच नव्हते. वग तोच होता, पण तो कोणत्याच गावाचा राहिला नव्हता.

मग चित्रण करूच नये काय? माझे मत उलट आहे. बतावणीची संहिता बहुधा लिहिलेली नसते. ती सोंगाड्याच्या तोंडी असते आणि त्याच्याबरोबरच जाते. तिच्यातली अहिराणी, तिचे हेल, तिच्या शिव्यासुद्धा उद्याच्या अभ्यासकाला कुठल्या ग्रंथात सापडणार? म्हणून चित्रण हवेच. मात्र ते डोळसपणे व्हावे. एक कॅमेरा रंगमंचाकडे असेल तर दुसरा प्रेक्षकांकडे असावा. गाव, तारीख, वगाचे नाव व प्रत्येक कलावंताचे नाव नोंदवावे. फडमालकाची परवानगी घ्यावी आणि कलावंतांचा मोबदलाही चुकवू नये, कारण त्यांचे पोट तिकिटावर असते. हे काम जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतील मराठी विभागांना आणि आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगे आहे. त्याला फार मोठी सामग्री लागत नाही.

जत्रांचा हंगाम दरवर्षी येतो. पण जुने सोंगाडे दरवर्षी येतीलच, असे नाही.