बाटलीपासून भटारखान्यापर्यंत

१९५४चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा १ जून १९५५ला लागू झाला. पुढची छप्पन्न वर्षं आपल्याकडच्या अन्नावरची सरकारी नजर बहुतेक बाटलीतच राहिली. अन्न निरीक्षक दुकानात यायचा, दूध नाहीतर तेल रीतसर पैसे मोजून विकत घ्यायचा, पंचांसमोर त्याचे तीन भाग करायचा. दूध टिकावं म्हणून फॉर्मलिनचे थेंब, मग बूच, लाख, सह्या. एक भाग विश्लेषकाकडे जायचा, उरलेले दोन १९७६नंतर स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याच्या ताब्यात राहायचे.

अहवाल विरोधात गेला की फौजदारी खटला. पुढे कायद्यात किमान सहा महिन्यांची कैद आली आणि बचावही तितकाच चिवट झाला. पंच फिरले, सील फुटलेलं निघालं, नमुना नासला, की आरोपी सुटे. दिल्लीतल्या दह्याच्या एका खटल्यात तेच झालं. खटला उशिरा भरला, तोवर आरोपीचा फेरतपासणीचा भाग नासून गेला, आणि १९६७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका कायम ठेवली.

या सगळ्यात भटारखाना कुठे होता? नियमांत स्वच्छतेच्या अटी होत्या, पण खटला उभा राहायचा तो नमुन्यावर. मोरी तुंबलेली, पिठाच्या डब्यावर झुरळं, भांडी विसळायचं पाणी दुपारपासून तेच, हे पालिकेच्या आरोग्य खात्यानं पाहायचं. मुंबईत त्यासाठी १८८८च्या पालिका कायद्यातलं कलम ३९४ आणि त्याखालचा परवाना.

५ ऑगस्ट २०११ला २००६चा अन्न सुरक्षा व मानके कायदा अंमलात आला आणि नजर वळली. निरीक्षकाचा अन्न सुरक्षा अधिकारी झाला. परवान्याच्या नियमांतल्या चौथ्या अनुसूचीत पिण्यायोग्य पाणी, कीड-उंदरांचा बंदोबस्त, शाकाहारी-मांसाहारी पदार्थ वेगळे ठेवणं, कामगारांची वर्षाला वैद्यकीय तपासणी, हे सगळं लिहून आलं. कलम ५६ने गलिच्छ जागेत अन्न बनवणं हाच दोष ठरवला. दंड एक लाखापर्यंत, नमुना नापास होण्याची वाट पाहायला नको. कलम ३२खाली सुधारणा नोटीस आली, तिची मुदत किमान चौदा दिवस. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाचं, तर पालिकेचा परवाना पालिकेकडेच. दाराशी येणारे साहेब दोन, आणि भाजीत झुरळ सापडलेल्या गिऱ्हाइकानं कोणाकडे जावं, हे त्याला ठाऊक नाही.

मग नियमांची रांगच लागली. १ जुलै २०१८पासून तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं त्यात साचणाऱ्या ध्रुवीय संयुगांना २५ टक्क्यांची मर्यादा. १ जुलै २०१९पासून खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला बंदी. १ ऑक्टोबर २०२०पासून सुट्या मिठाईच्या ताटापुढे कधीपर्यंत खावी याची तारीख. १ जानेवारी २०२२पासून बिलावर परवान्याचा किंवा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक. बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या गाडीवाल्याला तर २०११च्या नियमांनीच वर्षाला शंभर रुपयांत नोंदणी देऊ केली होती. तरीही वडापाव आजही अनेक गाड्यांवर कालच्या बातम्यांत गुंडाळून हातात पडतो, आणि काळं पडलेलं तेल मोजायला कढईपाशी कोणी उभं नसतं.

नियम कमी पडले असं म्हणता येणार नाही. जुनी सवय मात्र गेली नाही. गणपती-दिवाळी आली की खव्यावर छापे पडतात, जप्त मालाचे फोटो छापून येतात. हा बाटलीच्याच काळातला हिशेब, एकदा जायचं, माल पकडायचा. भेसळीला ते पुरतं, कारण बाटलीतला नमुना जसा घेतला तसाच राहायला हवा, त्यातच त्याची किंमत. भटारखाना रोज संध्याकाळी नव्यानं घाण होतो आणि रोज नव्यानं धुवावा लागतो. म्हणून नव्या कायद्याचा खरा कस छाप्यात लागत नाही. नोटिशीचे चौदा दिवस संपल्यावर, सणवार नसलेल्या एखाद्या मंगळवारी, तोच अधिकारी त्याच मोरीपाशी पुन्हा जाऊन उभा राहतो का, यावर तो लागतो.