बांधकामाची हत्यारं (भाग ९) : सळई बांधणारी पक्कड

गेल्या आठवड्यात ओळंबा पाहिला. या वेळच्या हत्याराचं काम स्लॅब भरला की कायमचं गाडलं जातं, म्हणून त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

मुलुंड-घाटकोपरला काय किंवा अंधेरी-बोरिवलीला काय, जुन्या सोसायट्या पाडून टॉवर उभे राहताहेत. स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी वर गेलात, तर सेंटरिंगवर अंथरलेली सळयांची जाळी आणि तिच्यावर ओणवे झालेले फिटर दिसतील. कुणाच्या हातात हुक, कुणाच्या हातात पक्कड. हुक वापरायचा तर तारेचे तुकडे आधी कापून, दुमडून ठेवावे लागतात. पकडीला ती तयारी लागत नाही. वेटोळ्यातून बायंडिंग वायर ओढायची, सळयांच्या फुलीखालून फिरवून वर घ्यायची, दोन्ही पदर जबड्यात धरून किंचित वर ओढत पिळायचे आणि पीळ घट्ट बसला की मूठ आवळून तोडायचे. एकाच हत्यारानं, हात न बदलता.

सगळं कसब मुठीच्या दाबात आहे. पिळताना दाब जास्त झाला तर तार आधीच तुटते, कमी झाला तर निसटते. जबड्याची धार रिव्हेटपासून जेमतेम इंचभर आणि मूठ चांगली लांब, त्यामुळे हाताचा जोर कित्येक पटींनी तारेवर उतरतो. तारही मुद्दाम तापवून मऊ केलेली, साधारण १८ गेजची, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते. त्याच पकडीनं कडक खिळे तोडले की धारेला खाचा पडतात आणि मग ती तार नीट धरत नाही. दुकानात ती टॉवर पिन्सर म्हणून मिळते. नाशिकच्या सातपूरची टपारिया टूल्स ती बनवते. जर्मनीत मात्र ती ओळखली जाते जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्याच्या नावानं. सिमेंटच्या कुंड्यांत लोखंडी जाळी घालण्याचं पेटंट त्यानं १८६७ मध्ये घेतलं होतं.

पकडीनं मारलेली तारेची गाठ इमारतीचा भार पेलत नाही. काँक्रीट घट्ट होईपर्यंत सळई जागच्या जागी ठेवायची, एवढंच तिचं काम. पण त्या काही तासांत जाळीवरून माणसं चालतात, पंपाचा पाइप ओढला जातो, व्हायब्रेटर फिरतो. बाल्कनी आणि छज्जा इथे तर खरी कसोटी. तिथली मुख्य सळई वरच्या बाजूला असावी लागते, कारण बाहेर झेपावलेल्या भागात ताण वर येतो. गाठी सैल असल्या, खालच्या खुर्च्या (वरच्या सळईला आधार देणारे वाकवलेले सळईचे तुकडे) कमी पडल्या आणि ती सळई पायाखाली दबली, तर बाल्कनी भिंतीलगत वरून तडकते. बाहेरून प्लास्टर कितीही गुळगुळीत केलं तरी आतली सळई पुन्हा वर येत नाही. मला ही बांधकामातली सर्वांत अन्यायकारक चूक वाटते, कारण ती भोगणारा माणूस दुसराच असतो.

आणि पिळाचं शेपूट. ते आतल्या बाजूला वळवलंच पाहिजे. आयएस ४५६ नुसार सौम्य हवामानात सळईवर किमान २० मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर लागतं, समुद्रालगतच्या तीव्र हवामानात ४५. सळईला एवढं आवरण दिलं आणि तारेचं टोक तळाच्या प्लायला टेकलं, तर ते स्लॅबखाली उघडंच राहतं. काळ्या तारेवर जस्ताचा लेप नसतो. पावसाळ्यात ती गंजते, छतावर तांबूस ठिपका उमटतो आणि ओलाव्याला आत शिरायला वाट मिळते. तीस वर्षांवरच्या इमारतींना मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. त्यात पोपडे पडून उघड्या झालेल्या सळया नेहमी सापडतात, आणि कमी कव्हर हे त्याचं एक मोठं कारण असतं.

तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू असेल, तर स्लॅब भरण्याआधी आपल्या इंजिनिअरबरोबर एकदा वर जा. बाल्कनीची वरची सळई हातानं हलवून पाहा. कडेच्या दोन ओळींत प्रत्येक फुलीला गाठ आहे का, मध्ये निदान एकाआड एक आहे का, हे बघा. मग वाकून जाळीच्या खाली पाहा. एखादं शेपूट प्लायला टेकलेलं दिसलं, तर फिटरला तिथल्या तिथे सांगा. तो पकडीनं ते क्षणात आत वळवून देईल. काँक्रीट पडल्यावर तेच काम कुणालाही करता येणार नाही.